क्रिलच्या दोन बरण्या घेऊन वडशाला

चंद्रपूरला बाहेरची माणसं वाघ बघायला जातात. मी एका माणसाला खोटं ठरवायला गेले होते. सोबत कपड्यांची पिशवी, मिलिमीटरची पट्टी, चिमटा, भिंग आणि स्पिरिटने भरलेल्या दोन बरण्या. प्रत्येक बरणीत दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रातले शंभर क्रिल.

क्रिल म्हणजे काय ते आधीच सांगून टाकते, कारण या प्रवासात भेटेल त्याला ते सांगावं लागलं. आमच्या रत्नागिरीकडे जवळा मिळतो. क्रिल म्हणजे त्याचा थोराड भाऊ समजा. पुरता वाढला की बोटाएवढा, अंगावर तांबडे ठिपके, डोळे काळेभोर. गार समुद्रात त्याचे थवे दूरवर पसरलेले असतात. देवमासे, पेंग्विन, सील, सगळ्यांचं पोट त्याच्यावर. समुद्र गोठला की बर्फाच्या खालच्या अंगाला शेवाळ धरतं, ते खरवडून क्रिलची पिल्लं हिवाळा काढतात. त्यामुळे बर्फाची कड सरकली की क्रिलचा मुलूखही सरकतो. तो कुठे किती आहे आणि किती वाढतो, हे कळलं तरच त्याच्यावर जगणाऱ्यांचं पुढे काय होणार ते सांगता येतं. आमची संस्था हे काम करते. नकाशे आणि आलेख दिसायला भारी असतात, पण त्यांच्या मुळाशी एक माणूस असतो. तो पट्टीवर एक क्रिल आडवा ठेवतो, डोळ्यापासून शेपटीपर्यंत मोजतो आणि पेन्सिलीने आकडा लिहितो. तो माणूस म्हणजे मी.

मागच्या मोहिमेत जहाजावर मोजणारे आम्ही दोघं होतो. दुसरा मारोती. वडशाजवळच्या एका गावातला, मासेमारी करणाऱ्या घरातला, मत्स्यशास्त्राची पदविका घेऊन कंत्राटावर आलेला, पस्तिशीचा. जाळं वर आलं की एकच बादली भरायची. अर्धी त्याची, अर्धी माझी, आणि दोघांनी शंभर शंभर मोजायचे. तिथला उन्हाळा संपत आला होता, पाण्यातलं खाणं कमी होत चाललं होतं.

परत आल्यावर आकडे मांडले. माझे क्रिल पहिल्या आठवड्यापासून शेवटच्या आठवड्यापर्यंत जवळजवळ तेवढेच. मारोतीचे दर आठवड्याला आखूड होत गेलेले. एकाच बादलीतले!

उपाशी क्रिल आकसतो हे मला ठाऊक होतं. दर तीन-चार आठवड्यांनी तो कात टाकतो, आणि खायला नसेल तर नवं कवच जुन्यापेक्षा लहान घेतो. पण आकसायचे तर माझ्या अर्ध्या बादलीतलेही आकसायला हवे होते. म्हणजे एकच अर्थ निघत होता. हा माणूस कंटाळून मनाचे आकडे लिहीत होता, आणि पुस्तकात वाचलेलं खरं दिसावं म्हणून ते बेताबेताने कमी करत होता.

साहेबांनी पत्र तयार केलं. ‘मारोती यांच्या नोंदी अविश्वसनीय असल्याने रद्द कराव्यात’, खाली माझी सही. सही झाली की मोसमाचं अर्धं काम बाद, आणि मारोतीचं नाव पुढच्या जहाजाच्या यादीतून कायमचं जाणार. साहेब म्हणाले, “करून टाका.” मी म्हटलं, आधी विचारते. मला दया आली होती असं नाही. न विचारता सही करायची मला सवय नाही, इतकंच. पण मारोती फोन उचलेना, पाठवलेली दोन पत्रं परत आली. खरा माणूस असा लपत नाही, असं मी मनात पक्कं केलं आणि रजा टाकून निघाले.

घुग्घुस

नोंदवहीत मारोतीचा पत्ता घुग्घुसचा होता, म्हणून चंद्रपूरला उतरल्यावर आधी तिकडे. गाडी रफिकभाईंची. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम, गाडीच्या सीटची खोळही त्यांनी स्वतः शिवलेली. ते मला वाटेतल्या प्रत्येक माणसाविषयी सावध करत होते आणि मी मनात त्यांच्याविषयी सावध होत होते, कारण सरळ रस्ता सोडून त्यांनी दोनदा आत वळवलं.

“ट्रक आहे ना मॅडम समोर. आपण त्याच्या मागं राह्यलो तर घुग्घुसले पोचेपर्यंत तुमचे केस पांढरे होतील.”

“ते आहेतच.”

“मंग काळे होतील,” ते म्हणाले. कोळशाच्या धुळीकडे पाहता ते खरं होतं. झाडांची पानं, टपऱ्यांची छपरं, पाळी संपवून मोटरसायकलवरून परतणाऱ्या कामगारांच्या भुवया, सगळ्यांवर तोच एक रंग. आमच्याकडे खारा वारा लोखंड खातो. इथे धूळ रंग खाते.

पत्त्यावर एका चाळीतली खोली होती, तिला कुलूप. शेजारची बाई दारात तूर पाखडत होती. मारोतीचं नाव काढताच तिने सूप खाली ठेवलं.

“तो तर कवाचा गेला गावाले. तुमी कोन? बँकेच्या का?”

“नाही. जहाजावर त्याच्यासोबत होते.”

बाई माझ्याकडे बघतच राहिली. मग आतल्या कोणाला तरी ओरडून म्हणाली, “अगं, जहाज खरंच होतं वो!” आणि मला म्हणाली, “आमी म्हटलं फेकून राह्यला. म्हने तिथी झिंगे लाल राह्यते, देवमासा खाते, पानी गोठते. मी म्हटलं, काऊन रे मारोती, शिमेंटच्या कारखान्यात लागला अन् जहाज जहाज करते? आमी समदे हासलो त्याले.”

“ते सगळं खरं आहे,” मी म्हटलं, आणि स्वतःवरच चिडले. ज्याला खोटं ठरवायला आले, त्याच्याच बाजूने मी पहिली साक्ष देऊन बसले होते.

“म्हंजे एवढं तरी खरं बोलला,” बाई म्हणाली. “बाकी नाटकात काम करते तो. नाटकवाल्याचं काय खरं धराचं?”

हे मात्र मी नीट ध्यानात ठेवलं.

मूलकडून पुलापर्यंत

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रपुरात सांभारवडी खाल्ली. भरपूर कोथिंबीर भरलेली तळलेली गुंडाळी, वर तर्री. तर्रीचा रंग पाहून मला ती घ्यायची नव्हती. रफिकभाईंनी माझ्या वडीवर ओतली आणि म्हणाले, “रंगावर जाऊ नका मॅडम, दिसते तशी नाई.” अगदी दिसते तशीच होती. मूल येईपर्यंत मी पाणी पीत होते.

मूलच्या पुढे रस्ता जंगलातून जातो. दोन्ही बाजूंना साग आणि बांबू, मध्येच मोकळ्यात धानाचे पुंजणे रचलेले. वाघाच्या वावराची पाटी दिसली. तिच्याच खालून चार बायका डोक्यावर सरपण घेऊन गप्पा मारत चालल्या होत्या. मी रफिकभाईंना म्हटलं, पाटी खोटी दिसते. ते म्हणाले, “पाटी खरी आहे. बायांचं काम बी खरं आहे.”

सिंदेवाहीच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी आपटली आणि मागच्या सीटवरची एक बरणी घरंगळली. झाकण थोडं ढिलं झालं. मी मागे वळून घट्ट केलं, पण तोवर गाडीभर वास पसरला होता. रफिकभाईंनी गाडी बाजूला घेतली.

“मॅडम, आता सांगा. त्या बरणीत काय आहे?”

“स्पिरिटमध्ये ठेवलेले क्रिल.”

“स्पिरिट,” ते म्हणाले. “अन् आपण चाललो गडचिरोली जिल्ह्यात. दारूबंदी आहे तिथी, माहीत आहे ना?”

मला माहीत होतं. पण पिण्याच्या दारूशी आपला काही संबंध येईल असं पन्नाशीतल्या सरकारी बाईच्या मनात येत नाही.

वैनगंगेच्या पुलाजवळ गाड्यांची तपासणी चालू होती. शिपाई तरुण होता, पण नजर म्हाताऱ्या जमादाराची. त्याने खिडकीतून डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

“उतरा.”

मी उतरले. बरण्या गाडीच्या बॉनेटवर मांडल्या गेल्या. त्याने एक उन्हात धरून फिरवली. आत शंभर जोडी काळे डोळे.

“हे काय लोनचं आहे का?”

“समुद्रातला प्राणी आहे. देवमाशाचं खाणं.”

“मंग वडशात कोन देवमासा राह्यते?”

मागच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून हसायला लागला. मी संस्थेचं ओळखपत्र आणि पत्र काढून दिलं. शिपायाने पत्र सावकाश वाचलं, ओठ हलवत.

“म्हंजे तुमी चौकशीले चालल्या.”

“हो.”

“तो मारोती खोटं लिवते म्हनता.”

“तसा संशय आहे.”

“आमचंच काम मंग तुमचं,” तो जरा नरमला. झाकण उघडून त्याने वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि झाकण स्वतःच घट्ट लावलं. “हे कोनी पेनार नाई. जा. पन येताना इथूनच या. काय निंगालं ते सांगा.”

वडसा

वडशात तांदळाच्या गिरण्या, रेल्वे आणि हिवाळ्यात नाटक. एका रस्त्यावर नाटक मंडळांची कार्यालयं ओळीने आहेत. प्रत्येकाच्या दारात रंगीत फलक, त्यांवर रडणाऱ्या बायका आणि पिस्तूल रोखलेले पुरुष. रत्नागिरीत नाटक म्हणजे गावच्या हौशी मंडळींची गोष्ट. इथे तो मोसमाचा धंदा आहे, धान निघालं की सुरू होतो. गावोगावची माणसं येऊन प्रयोग ठरवत होती, जसे आमच्याकडे लग्नाचे बँड ठरवतात.

तिसऱ्या कार्यालयात मारोतीचा पत्ता लागला. व्यवस्थापक पान चघळत होते.

“मारोती? आमचा खलनायक आहे जी तो. काय खोटं बोलते स्टेजवर! मागं एका गावात म्हातारीनं चप्पल फेकून मारली त्याले. तेवढं खरं वाटलं तिले.”

“आता कुठे आहे?”

“गावाले. आज खेळ नाई त्याचा. मायकडं असेल, बोडीवर.”

बोडी म्हणजे पावसाचं पाणी अडवलेलं छोटं तळं, हे रफिकभाईंनी सांगितलं. लॉजवर मी रात्रीचं जेवण खोलीतच मागवलं आणि विचारायचे प्रश्न क्रमाने लिहून काढले. पहिला होता, ‘मोजलेस की लिहिलेस?’

बोडीवर

सकाळी आठला आम्ही गावात पोचलो. बेशरमाच्या झुडपांमधून वाट वर चढली आणि बांधावर आलो. खाली पाणी, त्यावर वाफ. सात-आठ बायका गुडघाभर पाण्यातून बाहेर येत होत्या, कमरेला टोपल्या बांधलेल्या. त्यांनी सगळे झिंगे एका ओल्या कापडावर ओतले. मग एकीने त्यांचे पळसाच्या पानांवर वाटे घातले, ओंजळीने, न बघता. वाटे सारखे नव्हते. एकात मोठे जास्त, एकात नुसती पिल्लं आणि चेपलेले. मला ते पाहवेना.

एक उंच, वाळकी म्हातारी वाट्यांकडे पाठ करून उभी राहिली. दुसरीने एका वाट्यावर काडी टेकवली आणि विचारलं, “हा कोनाचा?”

“कमलाचा,” म्हातारी तळ्याकडे बघत म्हणाली.

“हा कोनाचा?”

“माहा.”

माझ्या पायापाशी जो वाटा होता त्यात एक मऊ, मोडक्या डोक्याचा झिंगा वर पडला होता. आमच्याकडे कोळंबी घेताना असा नग आपण आपोआप बाजूला काढतो. मीही वाकून काढला.

“ओ बाई! हात नका लावू!”

एकदम चार-पाच आवाज आले. म्हातारी वळली. मी हातातला झिंगा कुठे ठेवावा ते न कळून उभी राहिले. कमला नावाच्या बाईने कपाळावर हात मारला.

“झालं. पुन्ना घाला आता समदे.”

“एकच तर काढला,” मी म्हटलं.

“एक काहाडला म्हंजे वाटा राह्यला नाई,” म्हातारी म्हणाली. “निवडलं झालं ते.”

सगळे वाटे मोडून झिंगे पुन्हा कापडावर एकत्र केले गेले. दहा मिनिटं माझ्यामुळे वाया गेली, पायांना गार पाणी लागलेल्या बायका तशाच थांबल्या. दुसऱ्यांदा एक वाटा जास्त घातला. म्हातारी पुन्हा पाठ करून उभी राहिली.

“हा कोनाचा?”

“त्या पाव्हनीचा.”

माझ्या पानावर पिल्लं जास्त होती आणि तो मोडक्या डोक्याचाही परत माझ्याकडेच आला. रफिकभाईंनी ओठ आवळून आभाळाकडे पाहिलं.

म्हातारीचं नाव फुलाबाई. मारोतीची आई तीच.

आम्ही तिच्यामागून घरी गेलो, तर मारोती अंगणात दात घासत होता. मला पाहिलं आणि त्याच्या हातातला तांब्या खाली आला.

“मॅडम? तुमी इथी?”

“फोन का उचलत नाहीस?”

“कोनता? तो लांब नंबरवाला? मले वाटलं फसवनारे आहेत. ‘आपण ध्रुवीय मोहिमेच्या कार्यालयातून बोलतो, आपली माहिती द्या.’ आता ध्रुवावरून कोनी बोलते म्हटलं तर तुमी माहिती द्याल का?”

दिली नसती. मी खाटेवर बसले, पत्र काढलं आणि त्याच्या हातात दिलं. त्याने ते उभ्यानेच वाचलं. स्टेजवरचा खलनायक असेल, पण तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काहीच करणं त्याला जमलं नाही.

“काय लिवलं?” फुलाबाईंनी विचारलं.

“मी खोटं मोजलं म्हनते, माय. आता जहाज नाई.”

फुलाबाई चुलीकडे गेल्या आणि माझ्या वाट्याचे झिंगे धुवायला लागल्या.

“मोजलेस की लिहिलेस?” मी ठरवलेला प्रश्न विचारला.

“मोजले मॅडम.”

“मग आता मोजू.”

दोन्ही बरण्या शेवटच्या बादलीतल्या होत्या, एक त्याच्या शंभरांची, एक माझ्या. अंगणात पाट मांडला. मी त्याच्या बरणीतला एकेक क्रिल चिमट्याने काढून पट्टीवर ठेवत होते, त्याने जहाजावर केलेली यादी रफिकभाई वाचत होते. क्रमाने भरलेले नव्हते, म्हणून लांबीप्रमाणे गट करून ताडून पाहिलं. स्पिरिटमध्ये सगळेच किंचित आखडतात, तेवढा फरक सोडला तर यादी तंतोतंत होती. शंभरांपैकी मला एकही आकडा पकडता आला नाही. मग माझी बरणी मोजली. तीही बरोबर.

आता दोघंही खरे आणि बादली एक. माझं डोकं चालेना. मी मारोतीकडे बघितलं, तो माझ्याकडे. मला अजूनही वाटत होतं की त्याने कुठेतरी हातचलाखी केली आहे आणि ती मला दिसत नाही.

फुलाबाई हात पुसत आल्या, पाटापाशी उकिडव्या बसल्या. त्यांनी एक हात त्याच्या क्रिलांवर धरला, एक माझ्यांवर, न लावता. बराच वेळ बघितलं.

“हे वाटलेले हाय,” त्या मारोतीच्या बरणीकडे बोट करून म्हणाल्या. मग माझ्या. “अन् हे वेचलेले.”

“म्हणजे?”

“पाहा ना बाई. याच्यात समद्याच्या मिश्या शाबूत. आंग टनक. एक बी नरम नाई, एक बी मोडका नाई. कोनत्या बोडीत, तरात असे शंभर भेटते? सकाळी नाई का तुमी तो एक काहाडला?”

मी माझ्या पाटाकडे पाहिलं. शंभर क्रिल, बाजारात मांडावेत तसे. एकाचंही कवच सैल नव्हतं.

सूचनापत्रकात लिहिलेलं असतं, ‘अखंड नमुनेच मोजावेत.’ जाळ्यात फाटलेले, चेपलेले सोडायचे. मी चिमट्याने बादलीतून उचलायचे, मऊ लागला, कवच ढिलं दिसलं, डोकं वाकडं दिसलं की बाजूला टाकायचे आणि दुसरा घ्यायचे. मला ते फाटलेले वाटत होते. बाजूची वाटी भरली की मी ती कठड्यावरून समुद्रात रिकामी करायचे आणि पक्षी झेप घ्यायचे. पहिल्या आठवड्यात एखादी वाटी. शेवटी शेवटी दिवसाला तीन-चार. त्या वाट्या मी कधी मोजल्या नाहीत.

“तू कसे घेत होतास?” मी मारोतीला विचारलं. उत्तर मला कळलेलं होतं.

“ओंजळीनं. बादलीकडं न पायता. शंभर झाले की बस. माय तसंच करते. बादली काय, तरा काय.” तो जरा थांबला. “मी म्हटलं होतं ना मॅडम तुमाले. हे आटून राह्यले म्हटलं होतं. तुमी म्हटल्या, मोजा, बोलू नका.”

म्हटलं होतं. मला आठवत होतं. त्याच्या यादीत शेरा लिहायच्या जागी जागोजाग ‘नरम’ आणि ‘डोळा मोठा’ असं लिहिलेलं होतं, तेही मला आठवत होतं. कामचुकार माणूस जागा भरायला काहीतरी लिहितो, असं मी साहेबांना सांगितलं होतं.

“डोळा मोठा म्हणजे?”

फुलाबाईंनीच उत्तर दिलं. “उन्हाळ्यात तरा आटते, खायले नाई राहत, तवा झिंगा बी आटते. आंग आटते, बाई. डोरे नाई आटत. लहान झिंग्याचे डोरे लहान राह्यते. हा पाहा.” त्यांनी मारोतीच्या ढिगातला एक आखूड क्रिल दाखवला. “आंग पोराचं, डोरे बापाचे. हा पोरगा नाई. उपाशी बाप हाय.”

मी भिंग काढलं. त्या क्रिलचा डोळा मोजला, मग माझ्या बरणीतल्या चांगल्या लांब क्रिलचा. डोळे सारखेच. मारोतीचे आणखी वीस मोजले, मग माझे वीस. आखूड अंगाचे बहुतेक सगळे मोठ्या डोळ्यांचे निघाले. क्रिल आकसला तरी त्याचा डोळा आकसत नाही हे मीही वाचलेलं होतं. वाचलेलं होतं, आणि तरी अंगाची लांबी तेवढी मोजून पट्टी उचलत होते.

म्हणजे समुद्रातले क्रिल खरोखर आकसत होते; मी टाकलेले मऊ नग नुकती कात टाकून आखूड झालेले होते. खाणं संपत चालल्याची खूण तीच होती, आणि ती फक्त मारोतीच्या अर्ध्या बादलीत टिकली होती. माझ्या अर्ध्यातली मी पक्ष्यांना घातली.

“जेवा आता,” फुलाबाई म्हणाल्या.

भात, अंबाडीची भाजी आणि झिंग्यांचा रस्सा, वाटलेल्या जवसाचा. आम्ही खोबरं घालतो. गोड्या पाण्याच्या झिंग्याला चव नसते असं मी आयुष्यभर ऐकत आणि सांगत आले. चव होती. मोडक्या डोक्याचाही मलाच वाढला गेला आणि तो मी खाल्ला.

जेवण झाल्यावर मारोतीने ते पत्र माझ्यासमोर ठेवलं.

“सही करा मॅडम. मी खलनायक आहे, मले सवय आहे चप्पल खायाची.” हसायला गेला, पण जमलं नाही.

मी पेन घेतलं. छापलेलं पत्र होतं, तेच वापरलं. मारोतीच्या नावावर रेघ मारली, वर माझं नाव लिहिलं. ‘अविश्वसनीय’ या शब्दाखाली कारण लिहिलं: नमुने वेचून घेतले. खाली सही. आणखी एक ओळ घातली, की पुढच्या मोहिमेत नमुने मारोती घेतील त्याच पद्धतीने घ्यावेत आणि प्रत्येकाचा डोळाही मोजावा.

“वाच,” फुलाबाई मुलाला म्हणाल्या. त्याने मोठ्याने वाचलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, मग माझ्याकडे बघून विचारलं, “तुमच्या साहेबाले पटन का हे?”

“माहीत नाही.”

“मंग एक बरनी इथीच ठेवून जा. बदलून टाकली म्हनतील कोनी.”

माझ्यावर त्यांचा अजून भरवसा नव्हता. बरोबर होतं. मारोतीची बरणी त्यांच्याकडे ठेवली, झाकणावर मारोतीने आणि मी सह्या केल्या. समुद्रात रिकाम्या केलेल्या वाट्यांचं मात्र आता कोणीच काही करू शकत नाही.

निघताना मारोती गाडीपर्यंत आला. “पुढच्या बारीला याल ना मॅडम जहाजावर?”

“मला घेतलं तर.”

“या. मी बादली धरीन. तुमी पाठ करून बसा.”

रफिकभाई इतक्या मोठ्याने हसले की गाडी सुरू करायची राहिली.

पुलाजवळ तोच शिपाई होता. गाडी ओळखून त्याने हात केला.

“एकच बरनी? दुसरी कोनी पेली?”

“पुरावा म्हणून ठेवली.”

“मंग सापडला का खोटा मोजनारा?”

मी पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने ते दोनदा वाचलं, ओठ हलवत. मग माझं ओळखपत्र मागितलं, त्यावरचं नाव पाहिलं, पत्रातलं नाव पाहिलं, आणि मला पाहिलं. दोन्ही कागद परत दिले आणि रस्त्यावरचा दांडा वर केला. या खेपेला बरणी उघडायला सांगितली नाही.